मांडीवरचं विरजण

"बाई, तुमच्या घरचं विरजण मूळ कुठलं?" नानांनी विचारलं आणि माझ्या हातातला चहाचा कप तोंडापर्यंत पोचलाच नाही.

नवेगावच्या जंगलातल्या सरकारी क्वार्टरच्या ओसरीत आम्ही बापलेक बसलो होतो. समोर तिथल्या रेंजरची बायको उभी होती. पंचविशीची असेल, सांगलीकडची, लग्न होऊन नुकतीच जंगलात आलेली. नवरा फिरतीवर. अशात दारात एक मारुती व्हॅन थांबते, तिच्यातून काठी टेकत एक म्हातारा उतरतो, 'मी पूर्वी इथे रेंजर होतो, देवतळे माझं नाव' असं सांगतो आणि चहा अर्धा व्हायच्या आत तिच्या दह्याचं कूळ विचारतो. ती बिचारी मदतीसाठी माझ्याकडे बघायला लागली. मी काय मदत करणार? मलाच काही कळत नव्हतं.

"आम्ही साकोलीच्या हॉटेलातून दही आणतो, काका," ती म्हणाली.

"आणि तुम्ही इथे राहायला आले तेव्हा फडताळात काही ठेवलेलं होतं का? मातीचं लोटकं, वर फडकं बांधलेलं?"

तिने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. आधीच्या साहेबांचं एक जुनं कॅलेंडर होतं, म्हणाली, आणि एक मेलेली पाल.

नाना "बरं, बरं" म्हणाले. चहा चांगला झाल्याचं सांगितलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडीत येऊन बसले. मी गाडी सुरू केली नाही. किल्ली हातात धरून म्हटलं, "नाना, आपण वाघ बघायला निघालो होतो ना?"

"दिसला तर पाहू न," नाना म्हणाले.

त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी नव्हती. आई श्रावणात गेली होती, त्यामुळे वर्षभर सणवार नाहीत. ह्यांना मी म्हटलं, तुम्ही मुलांना घेऊन वर्ध्याला सासूबाईंकडे जा, त्यांचे फटाके-फराळ कशाला बुडवायचे, मी नानांजवळ राहते. मी शाळेत विज्ञान शिकवायची, सुटी होतीच. नागपूरच्या त्या घरात पणतीशिवायची दिवाळी कशी काढायची या विचारात होते, तेवढ्यात नानांनीच विषय काढला. म्हणाले, व्हॅन काढ, माझ्या सगळ्या जंगलांतून एकदा फिरून येऊ. तुला वाघ दाखवतो. नोकरीत ते आधी मेळघाटात होते, मग ताडोब्याला, शेवटी नवेगावला. आपण उलटं जाऊ, म्हणाले, मेळघाट शेवटी. मला आनंदच झाला. आई गेल्यापासून त्यांनी पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांचं गाडी चालवणं बंद झालं होतं, पण त्यांचा उजवा पाय काही निवृत्त झाला नव्हता. वळण आलं की माझ्या शेजारी बसून ते पायाखालचा पत्रा दाबायचे.

आता त्या क्वार्टरसमोर बसल्यावर मला ह्या सहलीचं खरं कारण कळलं.

आई लग्न होऊन मेळघाटात आली ती अचलपूरच्या माहेराहून विरजणाचं लोटकं मांडीवर घेऊन. तिच्या आईने दिलेलं. ती आजी त्याच वर्षी गेली, तेव्हा माहेरचं म्हणून आईपाशी जे उरलं ते एवढंच. ते तिने जन्मभर मोडू दिलं नाही. रोज रात्री दूध कोमट करायचं, आजच्या दह्यातलं चमचाभर त्यात घालायचं, झाकून ठेवायचं. ताप असो, पाहुणे असोत, हे चुकायचं नाही. बदली झाली की सामान ट्रकमध्ये, मी नानांजवळ आणि दही आईच्या मांडीवर. निघताना ती आणखी एक लोटकं भरून मागच्या स्वयंपाकघरात ठेवायची, नव्या येणाऱ्या साहेबाच्या बायकोसाठी. रिकामं स्वयंपाकघर कुणाच्या हाती देऊ नये म्हणायची. नाना तिला चिडवायचे, सरकारी सामानात तुझ्या माहेरच्या लोटक्याचा नंबर टाकून घेऊ का म्हणून. ती त्यांच्याकडे बघून नुसती हसायची.

तेराव्याला ताराआत्याने घर धुऊन काढलं. सुतकातलं काही ठेवायचं नाही म्हणून माठातलं पाणी, परातीतलं पीठ, दूधदुभतं सगळं बाहेर गेलं. त्यात दह्याचा डबाही गेला, अंगणातल्या निंबाच्या बुडाशी. आत्याचं काही चुकलं नव्हतं, तिच्या जागी कुणीही हेच केलं असतं. दुसऱ्या दिवशी नाना जेवायला बसले, शेवटचा भात वाढला, त्यावर शेजारून आणलेलं दही घातलं. त्यांनी एक घास घेतला आणि हळूच म्हणाले, "हे आपलं नाही."

तेव्हापासून त्यांनी शेवटचा भात घेणंच सोडलं. पोळीभाजी झाली की पाणी प्यायचे आणि उठायचे. जेवण पुरं न करता उठणारं माणूस रोज बघवत नाही. शर्ट खांद्यावरून उतरायला लागले. डॉक्टरांनी वजनाचं विचारलं की नाना हवेला दोष द्यायचे.

"नाना," मी म्हटलं, "आईने मागे सोडलेलं दही इतकी वर्षं कोण लावत बसणार आहे?"

"तुझी आई लावत बसलीच न."

मी गाडी सुरू केली.

ताडोब्याला तर आमचं क्वार्टरच जागेवर नव्हतं. तिथे तिकिटांची खिडकी झाली होती. तेव्हा जंगलात स्वतःची गाडी नेता यायची, सोबत गाईड घ्यावा लागायचा. आम्हाला मिळालेला देवाजी तिथल्याच गावचा होता. मागच्या सीटवरून मान पुढे काढून तो दबक्या आवाजात रस्ता सांगत होता. तलावाच्या अलीकडे त्याने माझ्या खांद्याला बोट लावलं. मी इंजिन बंद केलं. बांबूतून एक वाघीण बाहेर आली, रस्त्याच्या मधोमध थांबली आणि आमच्याकडे बघायला लागली. लहानपण जंगलात काढूनही इतक्या जवळून मी कधी वाघ पाहिला नव्हता. श्वास धरून बसले होते. त्या शांततेत शेजारून आवाज आला.

"देवाजी, तुमच्या घरी दूध गाईचं का म्हशीचं?"

"साहेब, वाघ," देवाजी कुजबुजला.

"हो, पाहिला. गाईचं का म्हशीचं?"

"गाईचं, साहेब."

"मग दही लावत असाल न घरी?"

वाघिणीलाही त्या चर्चेत रस नसावा. ती सावकाश पलीकडच्या गवतात उतरून गेली. देवाजीने पुढे डोकं खाजवत बरीच माहिती दिली. आमच्यानंतर त्या क्वार्टरात आलेले साहेब सडेफटिंग होते, चहासुद्धा काळा प्यायचे. म्हणजे आईचं लोटकं तिथे आठवडाभरही टिकलं नसणार. नानांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत बसले. फाटकापाशी उतरताना देवाजीने मला बाजूला घेऊन विचारलं, साहेबांची तब्येत बरी असते ना, ताई? मी म्हटलं, असते.

ताडोबा ते मेळघाट म्हणजे अख्खा विदर्भ आडवा कापायचा. रस्त्याने कापसाच्या बैलगाड्या, दारोदारी रांगोळ्या, नव्या कपड्यांतली पोरं. दुसऱ्यांची दिवाळी बघत आम्ही चाललो होतो. मी नानांना शास्त्र समजावून सांगत होते. दही म्हणजे जिवाणू. दूध बदललं, हवा बदलली, भांडं बदललं की तेही बदलत जातात. आईच्या आईचं म्हणून जे होतं, त्यातलं मूळचं काहीच आता उरलेलं नसणार, कुणी जिवापाड जपलं तरी.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. "माणसाच्या अंगातलंही सगळं बदलत जाते म्हणून तूच शिकवते न पोरांना?"

"हो."

"तरी मी तुला ओळखून राहिलो न?"

विज्ञान तिथेच संपलं. पुढे एका गावात एक बाई उंबऱ्यावर बसून मुलीची वेणी घालत होती आणि मुलगी अनारसा खात होती. माझ्या मनात आलं, घरी गेल्यावर आईला सांगायला हवं, वाघीण समोर उभी असताना नाना काय विचारत होते ते. ती पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसेल. हे सगळं मनात येऊन गेलं आणि मग आठवलं. डोळे भरल्यावर गाडी चालवता येत नाही, म्हणून बाजूला घेतली. मला आई हवी होती. इतकी हवी होती की नानांच्या दह्याला हसणारी मी, त्या क्षणी कुणी चमचाभर दही आणून 'हे तिचं' म्हटलं असतं तर शास्त्रबिस्त्र सोडून हात पुढे केला असता. नानांनी बाटलीचं बूच काढून पाणी पुढे केलं.

परतवाडा मागे पडलं आणि घाट लागला, तेव्हा मी विचारलं, "मेळघाटातही नाही मिळालं तर?"

"तर नाही," नाना म्हणाले आणि पायाखालचा पत्रा दाबला. तिथे वळण नव्हतं.

मेळघाटातलं क्वार्टर मात्र तसंच होतं. बाहेरून. आत एक तरुण वनरक्षक एकटा राहत होता आणि स्वयंपाकघरात वणवा विझवायचं सामान रचून ठेवलं होतं. जेवण तो गावात कुणाकडे तरी घ्यायचा. मोठ्या अदबीने त्याने आम्हाला सगळं दाखवलं. नाना फडताळापाशी थांबले, रिकाम्या फळीवरून हात फिरवला आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. आई गेली तेव्हाही दिसले नव्हते इतके ते तिथे म्हातारे दिसायला लागले. मला त्यांना धरून गाडीत बसवावंसं वाटत होतं, आणि घरी नेऊन तरी काय करायचं, तेही कळत नव्हतं.

त्या पोराला बिचाऱ्याला काहीतरी करावंसं वाटलं असावं. तो म्हणाला, साहेब, खाली गवळ्यांची वस्ती आहे, तिथे तुमच्या वेळची एक म्हातारी आहे, सगुणाबाई. नानांनी एकदम वर पाहिलं. लग्नानंतर पहिली काही वर्षं आमच्याकडे दूध घालायला यायची ती सगुणा. ती अजून असेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

सगुणाबाई अंगणात बाजेवर उन्हाला बसली होती. दिसत फार नव्हतं, पण नानांचा आवाज तिने ओळखला. आई गेल्याचं ऐकलं तेव्हा तिने शेजारची जागा हाताने झटकली, मला जवळ बसवून घेतलं आणि माझा हात स्वतःच्या हातात धरून ठेवला. आजूबाजूचं बरंच बोलून झालं. कोण गेलं, कोण आहे, म्हशी किती उरल्या. मग नानांनी घसा साफ केला.

"सगुणाबाई, आमची इथून बदली झाली, तेव्हा मथुरेने तुमच्याकडे दही दिलं होतं का? तिच्या माहेरचं?"

सगुणाबाईने कानामागे हात लावला. "कोनाच्या माहेरचं?"

"मथुरेच्या. अचलपूरहून लग्नात घेऊन आली होती न ती."

"ते तं पयल्याच हिवाळ्यात मेलं, साहेब."

सगुणाबाई सांगत गेली तसं ते आमच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. त्या वर्षी थंडी अशी पडली होती, की दही लागेना. आईला चूल पेटवून भांडं उबेला ठेवायचं सुचलं नाही, ती शहरात वाढलेली. दोन रात्री दूध तसंच राहिलं, तिसऱ्या दिवशी दह्याला तार सुटली, वास यायला लागला. सकाळी सगुणा दूध घेऊन आली तर आई उंबऱ्यात बसून रडत होती, घरात कुणीतरी गेल्यासारखी. आणि कुणीतरी गेलेलंच होतं. तिची आई जाऊन महिनाही झाला नव्हता. दुसरं विरजण मागायला अचलपूरला आता कुणी नव्हतं.

"मले म्हने, साहेबाले नोको सांगू. म्या म्हनलं, नाई सांगत. मंग घरी गेली अन् माह्यं इरजन घेऊन आली. म्हनलं, बाई, रडू नोको. हे घे. आजपासून हेच तुह्या मायचं."

कुठेतरी म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजत होती. नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मला कधी बोलली नाही," ते म्हणाले. "जन्मभर मी तिला त्या माहेरच्या लोटक्यावरून चिडवलं. कधी बोलली नाही."

"बोलली असती तं तुमी चिडवनं सोडलं असतं," सगुणाबाई म्हणाली.

नाना हसायला लागले. हसता हसता त्यांचा चेहरा बदलला, आणि मी दुसरीकडे बघायला लागले. मग त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, अजून घरी दही लावता का? आता हसायची पाळी सगुणाबाईची होती. गवळ्याच्या घरी दही लावतात का, असं तिला उभ्या जन्मात कुणी विचारलं नसेल. तिने सुनेला हाक मारली. सुनेने भात आणला, वर दही घातलं, मिठाचे दोन खडे ठेवले. नानांनी कालवलं, घास घेतला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"हेच," ते म्हणाले आणि ताट पुसून खाल्लं.

निघताना सगुणाबाईने दह्याने भरलेलं गाडगं फडक्याने बांधून नानांच्या मांडीवर ठेवलं. आईचा साहेब दही मांडीवर घेऊन घाट उतरतोय हे बघायला आई नव्हती. गाडगं हिंदकळू नये म्हणून नाना दोन्ही हातांनी ते धरून ताठ बसले होते. त्या अख्ख्या घाटात त्यांनी एकदाही ब्रेक दाबला नाही. तरी खड्ड्यांनी आपलं काम केलंच. खाली पोचलो तेव्हा अर्धं दही नानांच्या धोतरावर होतं.

नागपूर एका दमात गाठणं मला शक्य नव्हतं, म्हणून पायथ्याच्या एका छोट्या रेस्ट हाउसवर मुक्काम केला. तिथला खानसामा शालिकराम नानांच्या खात्यातलाच, जुन्या साहेबांचं करायला मिळालं म्हणून हरखून गेलेला. संध्याकाळी त्याच्याकडून दूध मागवून नानांनी स्वतः कोमट केलं, करंगळी बुडवून पाहिली आणि उरलेलं सगळं दही त्यात घालून टाकलं. मी म्हटलं, एवढं विरजण जास्त होईल, आंबट होईल. म्हणाले, होऊ दे, पण लागलं पाहिजे. एकदा मेलं आहे ते थंडीने. पातेलं त्यांनी चुलीच्या उबेला ठेवलं आणि शालिकरामला जपायला सांगितलं.

सकाळी दही असं लागलं होतं, की पातेलं तिरकं केलं तरी हलेना. नाना दोनदा जाऊन बघून आले. मग म्हणाले, नदीवर चल, तुला लहानपणी पोहायला शिकवलं तो डोह दाखवतो, आल्यावर जेवून निघू. डोह काही सापडला नाही, पण नाना बोलत होते. आई पहिल्यांदा अस्वल बघून झाडामागे लपली आणि ते तिच्याच झाडाकडे कसं आलं, मी गूळ समजून डिंक कसा खाल्ला. तीन महिन्यांत बोलले नव्हते एवढं ते त्या सकाळी बोलले.

परत आलो तर ताटं मांडलेली होती. आणि फोडणीचा वास येत होता, जिरं, हिंग, कढीपत्ता.

मला त्या वासानेच कळलं. मी ताटावर न बसता मागे स्वयंपाकघरात गेले. पातेलं राखेने घासून, धुऊन, दगडावर उन्हात पालथं घातलेलं होतं. नवं असल्यासारखं चमकत होतं.

"कढी केली, ताई," शालिकराम म्हणाला. त्याचा चेहरा नुसता फुललेला. "साहेबांनं येवढं मांडीवर घेऊन आनलं, म्या म्हनलं जेवाचंच असन. आंबट बी मस्त होतं."

"सगळ्याची?"

"सगळ्याची."

मग माझा चेहरा पाहून त्याचा उतरला. मी त्याला दोन वाक्यांत सांगितलं ते दही काय होतं. रागावण्यासारखं काही नव्हतंच. चांगलं दही आणि दारी आलेले साहेब, यांचं दुसरं कुणी काय केलं असतं?

बाहेर आले तर नानांनी पहिला घास घेतला होता. हात ताटात तसाच होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

"बस, कुंदा," ते म्हणाले. "जेव. गार होईल."

मी बसले. कढी ओरपली आणि मला समोर आमचं स्वयंपाकघर दिसलं, आईची पाठ दिसली, ढवळताना हलणाऱ्या तिच्या बांगड्या ऐकू आल्या. तीच चव. शालिकरामने कुठून आणली कोण जाणे, का ती त्या दह्यातच होती. मी रडत जेवत होते. नानांनी दोनदा भात मागून घेतला. शेवटी वाटी तोंडाला लावली, आणि मग ती थोडा वेळ हातात धरून बसले. आईचं त्यात जे काही होतं ते आता संपलं होतं.

"परत जाऊ, नाना," मी म्हटलं. "आत्ता निघालो तर संध्याकाळच्या आत सगुणाबाईकडे पोचतो. शाळेचं मी बघते."

नाना काही म्हणणार, तेवढ्यात शालिकराम दारात आला. मागेच त्याचं घर होतं, तिथे जाऊन आला असावा, धापा टाकत होता. हातात एक पितळी पेला, वर पळसाचं पान झाकलेलं. तो नानांकडे न बघता जमिनीकडे बघत होता.

"साहेब, हे माह्या घरचं आहे. माह्या मायच्या हातचं. चालत असन तं न्या."

मी सांगणारच होते, नको, शालिकराम, तसं नाही, आम्हाला ते दुसरं हवं आहे. पण नाना उठले. हात धुतले, उपरण्याला पुसून कोरडे केले आणि दोन्ही हात पुढे करून त्यांनी तो पेला घेतला. पान बाजूला सारून पाहिलं.

"मूळ कुठ..." त्यांनी विचारायला सुरुवात केली, आणि थांबले. शालिकरामच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कुंदा, न्यायला डबा आहे का?"

गाडी मुख्य रस्त्याला लागली. डावीकडे मेळघाट, उजवीकडे नागपूर. मी गाडी हळू केली. "अजून वळता येईल, नाना."

"समोर बघून चालव," नाना म्हणाले. डबा त्यांच्या मांडीवर होता. "दही हलते."

मी उजवीकडे वळले. घरी पोचल्यावर त्यांनी कपडेही बदलले नाहीत. आधी दूध तापवलं, निवू दिलं, चमचाभर त्यात घातलं, आणि आईची जुनी चादर त्या डब्याभोवती गुंडाळून ठेवली. दुसऱ्या दिवशी जेवताना पोळी झाली आणि ते उठले नाहीत. ताट पुढे सारलं. मी भात वाढला, त्यावर दही घातलं. त्यांनी घास घेतला, चावला, गिळला. मी वाट बघत होते.

"आपलं आहे," नाना म्हणाले.

त्यालाही आता खूप वर्षं झाली. नाना गेले, तेव्हा तेराव्याच्या आधीच मी डबा उचलून स्वतःच्या घरी आणला आणि ताराआत्याला सांगितलं, याला हात लावायचा नाही. रेवती, माझी मुलगी, लग्नानंतर बंगळुरूला गेली ती ते विरजण टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन, रात्रभर बसमध्ये. परवा तिचा फोन आला होता. तिची शेजारीण विरजण मागायला आली होती आणि रेवती तिला कौतुकाने सांगत होती, हे आमच्या आजीच्या माहेरचं आहे, अचलपूरचं, तिच्या आईने लग्नात दिलेलं. आजीने ते कधी मोडू दिलं नाही.

"हो ना गं आई?" तिने मला फोनवर विचारलं.

माझ्यासमोर ओट्यावर दूध निवत होतं. मी करंगळी बुडवून पाहिली.

"हो," मी म्हटलं. "तूही मोडू देऊ नकोस."